साथ ओसरली, मनाचे काय?



गेल्या महिन्यात आम्ही घरभेटीस निघालो असता एका मातेने आम्हांस ओसरीवर थांबवून प्रश्न केला, “फादर, कोरोनाच्या साथीत रोगाने गेली त्याहून जास्त माणसे जिवाला कंटाळून गेली, असे लोक बोलतात. खरे का हो ते?” आम्ही म्हणालो, “मावशी, नीट वाचून, पाहून सांगतो.” चहा घेतला, घराला आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो. बोलत असताना तिची दृष्टी वारंवार अंगणाच्या कडेला बसलेल्या आपल्या तरुण मुलाकडे वळत होती, हे आम्ही पाहिले होते. परंतु त्याचा अर्थ आमच्या ध्यानी आला तो रात्री, दिवा मालविताना. ती माउली जगाविषयी विचारीत नव्हती. आपल्या लेकराविषयी विचारीत होती.

त्या मुलाकडे आम्ही पुन्हा गेलो, त्याची हकीकत शेवटी सांगू. परंतु तिने विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे. कारण हाच प्रश्न निरनिराळ्या रूपाने पुष्कळ घरांत विचारला जातो, आणि त्याला मिळणारी उत्तरे बहुधा ऐकीव असतात. ऐकीव गोष्टीने भय वाढते, आणि या विषयात भय हे औषध नव्हे.

प्रथम सरळ उत्तर देतो. नाही, ते खरे नाही. आपल्या देशात सरकारी नोंदीप्रमाणे या रोगाने पाच लाख तीस हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि प्रत्यक्षातील संख्या याहून पुष्कळच मोठी असावी असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. आत्महत्येने गेलेल्यांची पोलिसांकडील नोंद २०२० व २०२१ ही दोन्ही वर्षे मिळून तीन लाख सतरा हजारांच्या घरात आहे. शिवाय, हे दुःख साथीबरोबर जन्मास आलेले नाही. साथीपूर्वीच्या २०१९ सालीही एक लाख एकोणचाळीस हजारांवर माणसे अशीच आपल्यातून निघून गेली होती. तेव्हा विचारावयाचा खरा प्रश्न असा, की साथीमुळे त्यांत भर पडली काय, आणि पडली असल्यास ती कोणाच्या घरी?

या प्रश्नाचा शोध जगभरच्या विद्वानांनी कसा घेतला, ही हकीकत बोधप्रद आहे. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनास महामारी म्हटले आणि २५ मार्चपासून आपल्याकडे टाळेबंदी आली. त्याच सुमारास अनेक तज्ज्ञांनी इशारा दिला की, रोगाच्या लाटेमागून आत्महत्यांची लाट येईल. ही भीती निराधार नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेत आत्महत्या वाढल्याचे एका जुन्या अभ्यासात दिसून आले होते. २००३ साली हाँगकाँगात सार्सची साथ आली, तेव्हा तेथील वृद्धांमध्ये, विशेषतः वृद्ध स्त्रियांमध्ये, हे प्रमाण वाढले होते; एकटेपणा आणि आपण घरच्यांना भार होऊ ही धास्ती, अशी कारणे तेथील संशोधकांनी नोंदविली. झुरिच येथील दोन संशोधकांनी तर बेकारीच्या आकड्यांवरून हिशेब मांडला की, जगात दरसाल २,१३५ पासून ९,५७० पर्यंत अधिक माणसे या वाटेने जातील.

परंतु भाकीत निराळे आणि मोजणी निराळी. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या जेन पर्किस आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी एकवीस देशांतील नोंदी गोळा केल्या. त्या देशांत एप्रिल ते जुलै २०२० या काळात जितक्या आत्महत्या अपेक्षित होत्या, तितक्याच किंवा त्याहून कमी झाल्या, असा त्यांचा निष्कर्ष २०२१ च्या वसंतात प्रसिद्ध झाला. अमेरिकेत २०१९ साली ४७,५११ माणसांनी आत्महत्या केली होती. २०२० साली ही संख्या ४५,९७९ वर उतरली. ज्यांनी मोठ्या लाटेचे भय घातले होते, तेही हे पाहून चकित झाले.

असे का व्हावे? संकट सर्वांवर एकदम कोसळले म्हणजे माणसे एकमेकांजवळ सरकतात. महायुद्धांच्या काळातही पुष्कळ देशांत असेच दिसले होते. घरातली सगळी माणसे घरात होती, शेजारी शेजाऱ्याच्या दारात शिधा ठेवीत होता, आणि आपले दुःख हे आपल्या एकट्याचा दोष आहे, असे कोणास वाटत नव्हते. ज्या देशांना शक्य होते त्यांनी बसलेल्या माणसालाही पगार पोहोचविला. हे कारण पूर्णपणे सिद्ध झाले आहे असे म्हणता येणार नाही, परंतु जाणते लोक याच दिशेने विचार करितात.

तथापि वाचकहो, येथेच समाधान मानून थांबलो तर आमची फसगत होईल. त्या एकवीस देशांत एकही देश खरोखर गरीब नव्हता. सोळा श्रीमंत आणि पाच मध्यम स्थितीतले होते. त्यांत आपला देश मोजलेला नव्हता. आणि ती मोजणी पहिल्या चार महिन्यांची होती. संकटाच्या पहिल्या दिवसांत सर्वजण धावून येतात. पुढे जो तो आपापल्या कामाला लागतो, आणि ज्याचे मोडले त्याचे मोडलेलेच राहते. मयताच्या घरी पहिले आठ दिवस माणसांची रीघ असते. तिसऱ्या महिन्यात कोण येते, हे विधवेस विचारावे.

जपानचे उदाहरण हेच सांगते. तेथे फेब्रुवारी ते जून २०२० या पाच महिन्यांत आत्महत्यांचे मासिक प्रमाण चौदा टक्क्यांनी घटले. आणि जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत सोळा टक्क्यांनी वाढले. स्त्रियांमध्ये ही वाढ सदतीस टक्के होती, आणि मुले व किशोरवयीनांमध्ये एकोणपन्नास टक्के. वर्षाअखेर पाहता पुरुषांची संख्या किंचित उतरली होती, परंतु स्त्रियांची ९३५ ने वाढून ७,०२६ झाली होती. अकरा वर्षांत प्रथमच त्या देशाची एकूण संख्या चढली. तेथील स्त्रिया मोठ्या संख्येने खाणावळी, दुकाने अशा कामांवर होत्या. तीच कामे प्रथम बुडाली, आणि घरातला भार तर दुणावला. देशाची सरासरी पाहणारास पहिले कित्येक महिने यातले काहीच दिसले नसते. सरासरी ही मोठी सभ्य दिसणारी गोष्ट आहे. ती कोणाच्याही घरात डोकावत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे २०१९ साली १,३९,१२३, २०२० साली १,५३,०५२, २०२१ साली १,६४,०३३ आणि २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. लोकसंख्या वाढते म्हणून आकडा वाढला, असे कोणी म्हणेल. परंतु दर लाख वस्तीमागचे प्रमाणही १०.४ वरून १२.४ वर गेले. म्हणजे श्रीमंत देशांत जे घडले ते आपल्याकडे घडले नाही. आपल्याकडे चढण लागली, आणि साथ ओसरू लागल्यावरही ती संपली नाही. या नोंदी पोलिसांच्या आहेत, आणि लोकलज्जेने व चौकशीच्या भयाने पुष्कळ घरे खरे कारण लपवितात, म्हणून खरा आकडा याहून मोठाच असणार. २०१० सालासाठी तज्ज्ञांनी घरोघरच्या पाहणीवरून १,८७,००० चा अंदाज बांधला होता, तेव्हा पोलिसांची नोंद १,३४,५९९ होती.

आणि कोणाच्या घरी ही भर पडली? त्याच अहवालांत रोजंदारीवर जगणाऱ्यांचा निराळा रकाना आहे. त्यात २०१९ साली ३२,५६३, २०२० साली ३७,६६६ आणि २०२१ साली ४२,००४ माणसे आहेत; म्हणजे दर चौघांमागे सुमारे एक. शेतावर मजुरी करणारे या रकान्यात धरलेलेच नाहीत. त्यांची गणना निराळी होते. ज्याचा आजचा दिवस भरला नाही तर आजची चूल पेटत नाही, त्याच्यावर टाळेबंदीचे ओझे सर्वांत आधी पडले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे भाऊ, मुलगे, जावई त्या दिवसांत शहरांतून कसे परतले, हे आम्ही येथे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

साथीच्या काळात या विषयावर जे संशोधन झाले, त्यात घाईही पुष्कळ झाली, हे सांगितले पाहिजे. पहिल्या महिन्यांत फोनवरून प्रश्नावल्या पाठवून लोकांना ‘तुम्हांस उदास वाटते काय’ असे विचारण्याचा जणू पूर आला. परंतु ज्याच्यापाशी असा फोन नाही, वा ज्याला वाचता येत नाही, तो त्या मोजणीत आलाच नाही. आणि पूर्वी त्याच माणसांना किती उदास वाटत होते, हे ठाऊक नसल्याने वाढ किती हे ठरविता येईना. पुण्यातील डॉ. सौमित्र पाठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातील टाळेबंदीच्या काळातील बातम्या तपासल्या, तेव्हा आत्महत्या व तशा प्रयत्नांच्या बातम्या आदल्या वर्षीच्या त्याच काळाहून सुमारे अडुसष्ट टक्क्यांनी अधिक निघाल्या. परंतु बातम्या वाढणे आणि घटना वाढणे या एकच गोष्टी नव्हेत, हा भेद वाचकांनीही ध्यानी धरावा. हळूहळू संशोधनास शिस्त आली. वेल्समधील अ‍ॅन जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर येणारा प्रत्येक नवा अभ्यास पारखून घेऊन आपला आढावा सतत ताजा ठेवण्याची पद्धत चालविली. ‘संख्या वाढली काय’ या प्रश्नावरून विद्वान ‘कोणाची वाढली, कधी वाढली आणि कशाने आवरता येते’ या प्रश्नांकडे वळले. हा बदल आम्हांस फार मोलाचा वाटतो.

मनाच्या आजारांविषयी मात्र चित्र अधिक स्पष्ट आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे, २०२० या एकाच वर्षात जगात तीव्र खिन्नतेच्या रुग्णांत सुमारे अठ्ठावीस टक्क्यांची आणि चिंतारोगाच्या रुग्णांत सुमारे सव्वीस टक्क्यांची भर पडली; आणि ती स्त्रियांत व तरुणांत अधिक होती. यावरून दोन गोष्टी समजतात. पहिली ही, की खिन्न झालेला प्रत्येक माणूस जीव देतो असे नाही. बहुतेक जण सोसतात, उपचार घेतात आणि बरे होतात. दुसरी ही, की आत्महत्येचा आकडा स्थिर राहिला म्हणून लोक सुखात होते, असे समजणे मोठी चूक आहे. आत्महत्येस एकच कारण कधीही नसते. कर्ज, आजार, घरातला कलह, दारू, अपमान, मनाचा रोग असे अनेक धागे एकत्र पिळले जातात. म्हणून ‘अमक्याने अमुक बोलल्यामुळे तो गेला’ असा निवाडा कोणीही देऊ नये.

येथे आमच्या लोकांच्या मनातील एक जुनी भीती बोलून दाखवितो. पूर्वीच्या, १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. ती आठवण वडीलधाऱ्यांच्या मनात अद्याप आहे, आणि तिच्यापायी घरे मुकी होतात. १९८३ च्या कायद्यात तो निर्बंध राहिलेला नाही. प्राण हे देवाचे देणे आहे, ही शिकवण कायम आहे. परंतु मनाचा भारी आजार, यातना आणि भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा जीवाच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, हेही ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. देशाचा कायदाही बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रयत्नातून वाचलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेत केवळ जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा ठेवलेला नाही. तेव्हा वाचलेल्या माणसाला इस्पितळात नेण्यास पोलिसांच्या किंवा पाद्रीबुवांच्या भयाने कोणी कचरू नये.

आता कशाने आवरते, ते पाहू. साथीपूर्वीच, २००८ साली, पाच देशांतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात आपले चेन्नईही होते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून इस्पितळात आलेल्या १,८६७ माणसांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याशिवाय तासाभराची समजूत, आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा भेट किंवा फोन, एवढेच अधिक दिले. अठरा महिन्यांनी पाहता पहिल्या गटातील शेकडा २.२ माणसे आत्महत्येने गेली होती. दुसऱ्या गटातील शेकडा ०.२. वाचकहो, यात महागडे यंत्र नाही, परदेशी औषध नाही. कोणीतरी नऊ वेळा विचारले, “कसे आहात?”

असेच एक उदाहरण इंग्लंडातले आहे. चॅड व्हारा नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूस सेवेच्या आरंभी, १९३५ साली, एका चौदा वर्षांच्या मुलीचे दफन करावे लागले. तिला ऋतुप्राप्ती झाली होती. काही वाईट रोग जडला असे समजून, कोणास विचारण्याची सोय नसल्याने, तिने जीव दिला होता. ते दुःख त्यांनी मनात वागविले, आणि १९५३ साली लंडनमधील आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवून, ज्याला जगणे असह्य झाले त्याने बोलावे, अशी सोय केली. त्यांना लवकरच उमगले की, बसण्याच्या खोलीत चहा देऊन नुसते ऐकून घेणारी साधी माणसेच पुष्कळांचे मन हलके करीत होती.

म्हणून आमच्या कुटुंबांस चार गोष्टी सुचवितो. जो माणूस बोलेनासा झाला, झोपेनासा झाला, ‘माझ्यावाचून तुमचे काही अडणार नाही’ असे बोलू लागला किंवा आपल्या वस्तू वाटू लागला, त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. त्याला एकांतात, शांतपणे, सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो काय. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट, विचारल्याने पुष्कळांना हायसे वाटते. त्याला उपदेश करू नका, ‘तुला काय कमी आहे’ असेही म्हणू नका. ऐका, एकटे सोडू नका आणि डॉक्टरकडे न्या. शेताची औषधे व घरातील गोळ्या हाताशी राहू देऊ नका; आवेगाची घटका बहुधा थोड्या वेळाची असते, आणि ती टळली तर माणूस टळतो. श्रीलंकेने अत्यंत विषारी शेतीऔषधांवर बंदी घातली, तेव्हा तेथील आत्महत्या पुढील वीस वर्षांत कितीतरी पटींनी उतरल्या. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्री-अपरात्रीही चालते. हा क्रमांक घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवा. धोका समोर दिसत असेल तर वाट न पाहता जवळच्या इस्पितळात न्या.

आणि त्या मुलाचे? माउलीच्या आणि त्याच्या संमतीने, नावगाव वगळून सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो आणि त्याच्याशेजारी अंगणातच बसलो. टाळेबंदीत शहरातील काम सुटले, पुढे मिळाले ते टिकले नाही, बहिणीच्या लग्नाचे कर्ज राहिले. बराच वेळ तो काही बोलला नाही. शेवटी आम्ही वर सांगितलेला प्रश्न सरळ विचारला. तो म्हणाला, “फादर, चार वर्षांत हे मला कोणी विचारलेच नाही.” त्या चार वर्षांत आम्ही त्या घरी किती वेळा चहा घेतला, हे मोजण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आता तो तालुक्याच्या इस्पितळातील डॉक्टरकडे जातो. औषध चालू आहे, कर्ज तसेच आहे, आणि दर शुक्रवारी सायंकाळी तो अर्धा तास आमच्याकडे येऊन बसतो. सर्व ठीक झाले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो येतो.

साथ येऊन गेली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिची आणीबाणी संपल्याचे सांगितले. मनाच्या आणीबाणीची अशी तारीख कोणी जाहीर करीत नाही. या रविवारी मिस्सेहून परतताना, जे घर कित्येक दिवस शांत आहे, त्या घराच्या दारात क्षणभर थांबा. आत जाऊन बसा. आणि चहा घेऊन आम्हांसारखे लगेच उठू नका.